मानस

आमच्याकडे मानस म्हणजे मन नव्हे.
खाजनाच्या बांधात बसवलेलं लाकडी दार,
तेलपाण्यानं काळं पडलेलं.
ओहोटीला आतलं पाणी त्याला बाहेर ढकलतं,
भरतीला खाडीच ते लावून घेते.
माणसानं फक्त मध्ये काही अडकवायचं नाही.

चोडणच्या धक्क्यावर उतरलो तेव्हा
पिशवीत कादंबरीच्या दोन प्रती होत्या.
एक त्याच्यासाठी. दुसरी कशाला घेतली, आठवत नाही.
रुझार बांधावर जाळं विणत बसला होता.
त्यानं पुस्तक हातात घेतलं, तोललं
चोणक तोलावा तसं,
उघडून वास घेतला आणि परत दिलं.
"हीं तुजीं अक्षरां म्हाका येनात.
म्हाका रोमीच येता. तूंच वाच."

बत्तीस वर्षं मी सगळ्याची तयारी केली होती,
ह्याची नव्हती.

वाचत गेलो. तो मध्येच हसायचा, मध्येच अडवायचा:
इनासच्या अंगणात माड नव्हता, बिमली होती.
कुत्र्याचं नाव टायगर नव्हे रे, मिनिस्टर!
मी पेन्सिलीनं दुरुस्त्या करत होतो,
जणू चुका तेवढ्याच होत्या.

मग एकशे अठरावं पान आलं.
छापलंय ते असं, की मुलगा कोमुनिदादच्या पायऱ्या चढतो
आणि सगळ्यांसमोर म्हणतो: मी. मी केलं.
ह्या पानासाठी मला पत्रं आली.
फोंड्याच्या एका बाईंनी लिहिलं, दोनदा रडले.

मी ते वाचलं नाही.
पहिल्या ओळीवर बोट तसंच ठेवून म्हणालो,
अमावास्या होती. शेवटे आत यावेत म्हणून
सगुणनं दाराखाली दगड सरकवला.
कंदील रुझारकडे.
पाणी चढलं तसा दगड हलेना.
दोघं पळाले.
उजाडताना पोटरीतलं कोरगूट खाऱ्या पाण्याखाली होतं,
आठ कुळांचं,
आणि बांधावर माणसं. कुणी ओरडत नव्हतं.
कोण? एवढंच विचारलं.
सगुण आपल्या चपलेचा तुटका अंगठा बघत राहिला.
रुझार म्हणाला, हांवें.
पुढच्या पावणीत बस्त्यावला मानस मिळाली नाही.
त्याचा पोरगा चौदाव्या वर्षी बार्जवर चढला,
कानाच्या पाळीत मातीचा तांबडा गर घेऊन
नाताळाला घरी यायचा.
सगुण पणजीला गेला. शब्द शिकला.

सुई थांबली नव्हती. गाठ मारत तो म्हणाला,
"कितलो वेळ जालो, पान परतलें ना तुवें."

मी पान परतलं. काय करणार.

पलीकडे एक बगळा चिखलात पाय बदलत होता.
बऱ्याच वेळानं रुझार म्हणाला,
"आनी फातर हांवेंच हाडून दिल्लो तुका.
तें बरय."

तो दगड मला पक्का आठवतो.
त्याची ओल, एका बाजूला चिकटलेल्या कालवाची धार.
पण तळहातावर तो आला कुठून?
खाली वाकून मी उचलला,
की अंधारातून कुणाच्या हातानं दिला?
रुझार खरं सांगत होता,
की माझ्या वाटचं पुन्हा एकदा
आपल्या डोक्यावर घेत होता?
चेहऱ्याकडे पाहिलं. काही कळेना.
तेव्हाही कळलं नव्हतं.

भरतीला अजून अवकाश होता.
तो उठला, गुडघ्यावर हात देऊन, बांध उतरला.
यंदाच्या पावणीत मानस त्यानंच घेतलीय,
हे मला मागाहून फेरीवाल्यानं सांगितलं.
दाराखाली हात घालून तो चाचपत राहिला
काठी, करवंटी, प्लास्टिक, काही अडकलंय का ते.
"कांय ना," म्हणाला.
मग सरकून जागा केली.
"तूंय पळय."

पुस्तक गवतात पालथं ठेवलं.
हात घातला.
कोपरापर्यंत गार, मऊ, खारट चिखल,
आणि बोटांखाली लाकडाची कड,
झिजलेली.
बराच वेळ शोधत होतो.

साडेपाचची फेरी गेली.